सागवानाला भोक? आधी बिट बदला!
आपल्या फ्लॅटमधलं ड्रिल मशीन बहुतेक वेळा भिंतीसाठीच घेतलेलं असतं. तोच भिंतीचा बिट सागवानाला लावलात तर लाकूड कापलं जात नाही, चिरडलं जातं. मला आजोबांच्या जुन्या फळीचं शेल्फ करायचं होतं, आणि तशी दुसरी फळी मिळणार नव्हती. म्हणून ब्रॅड पॉइंट बिट आणला. त्याचं मधलं अणकुचीदार टोक जागा सोडत नाही, कडेची टोकं रेषे आधीच कापतात. बिजागरीसाठी ३५ मिमीचा खळगा हवा असेल तर मात्र फोर्स्टनर बिट, तोही कमी स्पीडवर. हॅमर मोड बंद, प्लीज! फळीखाली टाकाऊ लाकूड घट्ट क्लॅम्प करा, नाहीतर बिट बाहेर पडताना मागची बाजू फुटते. जळका वास येतोय? बिट बोथट झालाय, नाहीतर स्पीड जास्त आहे.