भोकरीला दुसरं गिऱ्हाईक

फेब्रुवारी-मार्चमध्ये मुंबईत घोडपदेवच्या नाक्यांवर द्राक्षांच्या हातगाड्या लागतात. त्यांवरचा हिरवा माल जवळपास सगळा एकाच घराण्यातला असतो: थॉमसन सीडलेस आणि त्याच्याच वेलांतून निवडलेले तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन. शंभर वर्षांपूर्वी नाशिक-पुण्याच्या बागांत भोकरी आणि फकडी या बियांच्या जातींचा मान होता. बिनबियांची द्राक्षं आली, गिऱ्हाइकाला बी नकोशी झाली आणि बागाईतदाराने भोकरी उपटली. यात त्याची काही चूक नव्हती. घोडपदेवला लागूनच असलेल्या माझगावात वर्षातून दोनदा फळणारा आंबा होता. तिथे जमीन गेली आणि झाडं गेली. भोकरीची जमीन मात्र शाबूत आहे, तिचं फक्त गिऱ्हाईक गेलं. नवं गिऱ्हाईक मिळालं तर ती परत येऊ शकते, आणि ते फेसाळ वाइनच्या रूपाने मिळण्यासारखं आहे असं मला वाटतं.

भोकरीच्या रसात साखर साधारण 16 ते 18 ब्रिक्स (म्हणजे वजनाने तितके टक्के) इतकीच भरते. ती तोडल्यावर फार टिकत नाही, आणि चवीलाही बेताची. खायच्या द्राक्षाला हे तिन्ही दोषच. पण फेसाळ वाइन कशी होते ते पाहिलं की हिशेब बदलतो. शॅम्पेनच्या पद्धतीत आधी साधी, पातळ, आंबट वाइन तयार करतात. मग ती बाटलीत भरून तिच्यात लिटरला सुमारे 24 ग्रॅम साखर आणि यीस्ट घालतात व बाटली बंद करतात. आत पुन्हा आंबवण होते, वायूला बाहेर जायला वाट नसते, आणि दाब वातावरणाच्या सहापट होतो. या दुसऱ्या आंबवणीत मद्यार्क सव्वा-दीड टक्क्याने वाढतो, म्हणून मूळ वाइन दहा-अकरा टक्क्यांच्या वर गेलेली चालत नाही. 17-18 ब्रिक्सचा रस नेमका तिथेच पोचतो. चवीचा मोठा भाग नंतर येतो, बाटलीत महिनोन्‌महिने मेलेल्या यीस्टवर वाइन पडून राहते त्यातून. टिकाऊपणाचा तर प्रश्नच उरत नाही, कारण माल सकाळी तोडून दुपारच्या आत दाबयंत्रात जातो.

खुद्द शॅम्पेनमध्ये असं काम झालेलं आहे. तिथली जवळजवळ सगळी लागवड शार्दोने, पिनो न्वार आणि म्यूनिए या तीन जातींची. आर्बान, पेती मेलिए यांसारख्या जुन्या जाती कायद्याने चालतात, पण लागवडीत त्यांचा वाटा एक टक्काही नाही. उर्व्हीलच्या द्रापिए कुटुंबाने त्या पुन्हा लावल्या आणि ‘क्वात्युओर’ या वाइनमध्ये आर्बान, पेती मेलिए, ब्लां व्रे आणि शार्दोने समान घातली. जूई-ले-रँसच्या ओब्री कुटुंबानेही असाच मार्ग धरला. पेती मेलिएचं आम्ल उन्हाळ्यातही टिकतं, त्यामुळे हवा तापू लागल्यावर तिची किंमत सर्वांना कळली. असला प्रयोग कुटुंबाकडूनच होतो, कारण थोड्या वेलांसाठी वीस वर्षं थांबायला तेच तयार असतं.

महाराष्ट्रात फेसाळ वाइनची वाट शामराव चौगुले यांनी 1980च्या दशकात नारायणगावला घातली. त्यांच्या ‘इंडाज’ची ‘ओमर खय्याम’ परदेशात विकली गेली. पुढे कंपनी बुडाली, हे लोक ताबडतोब सांगतील. खरं आहे, पण ती कर्जाने आणि घाईच्या विस्ताराने बुडाली. वेलाकडे बोट दाखवता येत नाही. आता आपल्याकडच्या फेसाळ वाइनचा मुख्य आधार शेनँ ब्लां आहे. ती सिद्ध जात असताना भोकरी कशाला, असं कोणी विचारलं तर उत्तर असं की ‘सुला’ या वाइन कंपनीची पहिली शेनँ ब्लां 2000 साली आली. सिद्ध होण्याआधी तिचीही कुणीतरी जोखीम घेतलीच होती.

खरी अडचण दोन गोष्टींची आहे. भोकरीवर डावणी आणि तांबेरा लवकर पडतो. फवारणी चुकवणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये. दुसरी अडचण आम्लाची. साखर कमी म्हणजे आम्ल जास्त, असं गृहीत धरणं चूक ठरेल. हेक्टरी 35 टनांपर्यंत उतरणाऱ्या वेलाचा रस पाणचट निघायची भीतीही आहे. म्हणून घड विरळ करून उतारा निम्म्याखाली आणावा लागेल. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात जातींचा संग्रह आहे, काड्यांचा शोध तिथून सुरू करावा. खुंटावर कलमं करून पाव एकर लावायला हरकत नाही. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर मणी भरू लागले की दर चार दिवसांनी साखर, आम्ल आणि पीएच मोजायचं, आणि ऊन वाढायच्या आत, पीएच 3.2च्या खाली असतानाच तोडायचं. तेवढं आम्ल मिळालंच नाही, तर भोकरीची वाइन शेनँ ब्लांमध्ये चौथ्या हिश्शाने मिसळून पाहावी. तरीही बेचव राहिली तर बाग काढून टाकावी. पण तो निर्णय आता भोकरीच्या स्वतःच्या रसावरून व्हावा. मागच्या वेळी तो हातगाडीवर झाला होता.