रबर झाडाचं, तेलाचं आणि उसाचंही

हंगामात दौंडच्या ऊसपट्ट्यात, केडगावच्या आसपास कुठल्याही गुऱ्हाळावर उभं राहिलं, तर एकाच नजरेत रबराचे चार-पाच प्रकार दिसतात. ऊस घेऊन आलेल्या ट्रॉलीचे टायर, त्यांतल्या ट्यूबा, चरकाचा पट्टा, इंजिनाचं ऑईल सील. ही सगळी एकाच झाडाच्या चिकाची, असं बहुतेकांना वाटतं.

तसं नाही. जगात वापरल्या जाणाऱ्या रबरापैकी निम्म्याहून थोडं अधिक रबर कारखान्यात तयार होतं. भारतात मात्र केरळातल्या मळ्यांमुळे झाडाच्या रबराचा वाटा अजून मोठा आहे.

दुसरा समज जास्त पक्का आहे. कृत्रिम म्हणजे नकली, हलक्या प्रतीचं. पण इंजिनाचं ऑईल सील झाडाच्या रबराचं केलं, तर तेल लागून ते फुगेल, मऊ पडेल आणि गळायला लागेल. तिथे नायट्राईलसारखं कृत्रिम रबरच लागतं. ट्यूबेला ब्युटाईल रबर लागतं, कारण त्यातून हवा फार सावकाश झिरपते. उलट विमानाचा किंवा अवजड ट्रकचा टायर घ्या. तो कमी तापावा, ताण पडला तरी फाटू नये, म्हणून त्यात झाडाचं रबरच जास्त घालतात. मोटारीच्या टायरात दोन्ही असतात. खरा-खोटा असा हा भेदच नाही; ज्याचं काम त्याने करावं, एवढंच.

तिसरा गैरसमज ऊसपट्ट्यात तरी राहू नये: कृत्रिम रबर फक्त खनिज तेलापासून होतं. भारतातला पहिला मोठा कृत्रिम रबराचा कारखाना अल्कोहोलवर चालला, आणि ते अल्कोहोल साखर कारखान्यांच्या मळीचं होतं. मुंबईच्या किलाचंद घराण्याने अमेरिकेतल्या फायरस्टोनच्या सहकार्याने उत्तर प्रदेशात बरेलीजवळ सिंथेटिक्स अँड केमिकल्स ही कंपनी उभारली. 1963 मध्ये तिचं उत्पादन सुरू झालं. क्षमता वर्षाला 30,000 टन. (ही मळी म्हणजे गुऱ्हाळात काहिलीवरून झाऱ्याने काढतात ती नव्हे. साखरेचे दाणे वेगळे केल्यावर कारखान्यात उरतो तो काळा, दाट पाक.)

ही युक्तीही नवी नव्हती. सर्गेई लेबेदेव या रशियन रसायनशास्त्रज्ञाच्या पद्धतीने 1932 मध्येच यारोस्लाव्हलला अल्कोहोलपासून रबर निघत होतं. 1942 मध्ये जपानने मलाया घेतला आणि अमेरिकेचा झाडाच्या रबराचा पुरवठा तुटला, तेव्हा तिथेही सुरुवातीला अल्कोहोलनेच मोठा हात दिला.

मग आपल्याकडे हे का टिकलं नाही? रसायनशास्त्र जमलं नाही, असा एक समज आहे. गोष्ट हिशेबाची होती. या कृत्रिम रबराचा मुख्य घटक ब्युटाडाईन. 92 किलो अल्कोहोलमधून तो कागदावरही जास्तीत जास्त 54 किलो निघतो. बाकीचं पाणी आणि हायड्रोजन होऊन जातं. टनभर उसामागे मळी निघते चाळीस-पंचेचाळीस किलो, तिच्यापासून अल्कोहोल दहा-अकरा लिटर. म्हणजे एक टन उसामागे ब्युटाडाईन पाच किलोंच्या आतच. अशा धंद्यात अल्कोहोल थोडं महागलं, त्यावर राज्याचं शुल्क बसलं, की कंबर मोडते. त्या शुल्कावरून हीच कंपनी उत्तर प्रदेश सरकारविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली. औद्योगिक अल्कोहोलवर राज्यांना असा कर लावता येत नाही, असा निकाल सात न्यायाधीशांनी 1989 मध्ये दिला. ऑक्टोबर 2024 मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने आठ विरुद्ध एक मतांनी तो फिरवला. तोवर बरेलीचा कारखाना कधीच बंद पडला होता.

तो बंद पडल्यावर टायरला लागणारं स्टायरिन-ब्युटाडाईन रबर देशाला जवळपास सगळंच बाहेरून आणावं लागलं. 2013 मध्ये पानिपतला इंडियन ऑईलने तैवानी आणि जपानी भागीदारांसह वर्षाला 1,20,000 टनांचा प्रकल्प सुरू केला. पुढच्याच वर्षी हजिऱ्याला रिलायन्सचा आला. दोन्हींचा कच्चा माल खनिज तेलातला. दौंड-शिरूरच्या उसाची मळीही आता वेगळ्या वाटेने जाते: तिचं इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळतात. देशाने 2025 मध्ये त्याचं प्रमाण 20 टक्क्यांवर नेलं. टायर बनू शकणारं तेच अल्कोहोल आज त्या टायरांवरच्या गाडीच्या टाकीत पडतं.