जवळून पाहणे आणि नीट दिसणे : मॅक्रो लेन्स व चेहऱ्याचा फोकस



तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाने कॅमेऱ्याच्या लेन्सवर का बोलावे, असे काहींच्या मनात आले असेल. पण ‘नीट दिसणे म्हणजे काय’ हा आमच्या विषयातला फार जुना प्रश्न आहे. जळगाव-धुळ्याची तरुण मंडळी तोच प्रश्न आम्हाला वेगळ्या शब्दांत विचारतात : ‘सर, मॅक्रो लेन्स घेतली की पोर्ट्रेट शार्प येतील ना?’ विचारणाऱ्यांत कुणी लग्नांचे फोटो काढून घर चालवणारा असतो, तर कुणी केळीच्या हंगामातले पैसे बाजूला टाकून आलेला असतो. तेव्हा हा प्रश्न छंदाचा कमी आणि खिशाचा जास्त आहे. म्हणून उत्तर आधीच सांगून टाकतो. मॅक्रो लेन्सने उत्तम पोर्ट्रेट येतात. पण आज तुमचे चेहरे धूसर येत असतील, तर त्याचे कारण बहुतेक वेळा लेन्समध्ये नसते. ते कुठे असते, हे आपण पाहू.

पोथीचे पान आणि माणसाचा चेहरा

मॅक्रो म्हणजे काय? काटेकोर अर्थाने, जी लेन्स सेन्सरवर वस्तूएवढीच मोठी प्रतिमा पाडू शकते ती मॅक्रो. एकास एक. हल्लीचे रुपयाचे नाणे २०-२२ मिलिमीटरचे असते आणि फुल-फ्रेम सेन्सरची उंची २४ मिलिमीटर. म्हणजे एकास एकला ते नाणे चौकट जवळजवळ भरून टाकते. नेहमीची ५० किंवा ८५ मिलिमीटरची लेन्स इतक्या जवळ फोकसच करू शकत नाही.

या लेन्स मुळात कशासाठी सुधारल्या गेल्या, ते ऐकण्यासारखे आहे. निकॉन कंपनी आपल्या मॅक्रो लेन्सला ‘मायक्रो’ म्हणते. त्याचे मूळ मायक्रोफिल्ममध्ये आहे. जपानी लिखाणातली कांजी अक्षरे दाट रेघांची. छापील पान लहानशा फिल्मवर उतरवले की त्या रेघा एकमेकींत मिसळत. ती अक्षरे सुटी दिसावीत, या गरजेतून १९५६ साली ५ सेंटीमीटरची मायक्रो-निक्कॉर तयार झाली. धुळेकरांना ही गरज समजावून सांगायला नको. तिथल्या राजवाडे संशोधन मंडळात जुनी कागदपत्रे आहेत, समर्थ वाग्देवता मंदिरात हस्तलिखिते आहेत. मोडीतले एखादे वळण किंवा देवनागरीतला एक अनुस्वार पुसट आला तरी अर्थ बदलू शकतो. तेव्हा पानाच्या मध्यापासून चारही कोपऱ्यांपर्यंत सारखी स्पष्टता, हा या लेन्सचा खास गुण.

आता बघा, पोथीचे पान सपाट असते. माणसाचा चेहरा सपाट नसतो. नाक पुढे, डोळे मागे, कान त्याहून मागे. आणि कोणतीही लेन्स, कितीही महाग असो, खऱ्या अर्थाने एकाच अंतरावर फोकस करते. त्या अंतराच्या थोडे अलीकडे-पलीकडे जे असते, ते आपल्या डोळ्याला चालून जाते, एवढेच. त्या चालून जाणाऱ्या पट्ट्याला आपण ‘स्पष्टतेची खोली’ म्हणू.

ही खोली किती असते? फुल-फ्रेम कॅमेरा, १०० मिलिमीटरची लेन्स आणि दीड मीटरवर बसलेला माणूस, असे धरू. एफ २.८ ला खोली मिळते जेमतेम साडेतीन सेंटीमीटर. एफ ५.६ ला सुमारे ७, एफ ८ ला सुमारे १०. माणसाने मान ४५ अंशांत वळवली, तर त्याचे दोन डोळे कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर राहत नाहीत. त्यांत सुमारे चार सेंटीमीटरचा फरक पडतो. म्हणजे एफ २.८ ला एक डोळा नेमका टिपला, तर दुसरा पट्ट्याबाहेर गेलाच. यात लेन्सचा दोष काय? आणि याच लेन्सने एकास एकवर अंगठीतला खडा टिपायला गेलात, तर एफ २.८ ला खोली उरते मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. जवळ जाण्याची किंमत ही अशी मोजावी लागते.

चाळीसगावचे उदाहरण

हा हिशेब ज्यांच्या कामातून डोळ्यांना दिसतो, असे एक कलावंत आपल्याच जिल्ह्यात होऊन गेले. कलामहर्षी केकी मूस. १९१२ साली मुंबईत जन्म, आयुष्य चाळीसगावात, ३१ डिसेंबर १९८९ ला निधन. अनेक दशके ते घराबाहेर जवळजवळ पडलेच नाहीत. त्या घराचे नाव त्यांनी ‘रेम्ब्राँज रिट्रीट’ ठेवले होते. आज तिथे त्यांच्या कलाकृती पाहता येतात. व्यक्तिचित्रे तर त्यांनी टिपलीच, पण त्यांचे नाव झाले ते टेबलटॉप छायाचित्रणासाठी : टेबलावर साध्यासुध्या लहान वस्तू मांडायच्या आणि छायाचित्रात त्यांचा मोठा देखावा उभा करायचा.

अशा चित्रामागचे शास्त्र सोपे आहे. वस्तू लहान आणि कॅमेरा जवळ, म्हणजे स्पष्टतेची खोली अगदी थोडी. मागचे धूसर झाले की पाहणाऱ्याला लगेच कळते, हे खेळण्याएवढे आहे. तो देखावा मैलभर पसरलेला वाटावा, तर पुढून मागेपर्यंत सगळे स्पष्ट हवे. त्यासाठी लेन्सचे छिद्र लहान करायचे. छिद्र लहान केले की प्रकाश कमी येतो, म्हणून शटर जास्त वेळ उघडे ठेवायचे, आणि तोवर कॅमेरा तसूभरही हलू द्यायचा नाही. टेबलावरच्या वस्तू निमूट बसतात, म्हणून हे जमते. माणूस श्वास घेतो, पापणी हलवतो, हसू दाबतो. टेबलटॉपचा उपाय चेहऱ्याला जसाच्या तसा लागू होत नाही. चेहऱ्यासाठी खोली, प्रकाश आणि वेग या तिघांचा मेळ घालावा लागतो.

न दिसण्याची आठ कारणे

आता थोडे आमच्या विषयाकडे येऊ. ईश्वरकृष्णाची ‘सांख्यकारिका’ हा सांख्य दर्शनाचा पायाभूत ग्रंथ. त्याच्या सातव्या कारिकेत, वस्तू असूनही ती का जाणवत नाही, याची आठ कारणे दिली आहेत : अति दूर असणे, अति जवळ असणे, इंद्रियात दोष असणे, मन ठिकाणावर नसणे, वस्तू फार सूक्ष्म असणे, मध्ये आडोसा येणे, प्रखर वस्तूमुळे झाकोळले जाणे आणि सारख्या वस्तूंत मिसळून जाणे. अति जवळचे जुने उदाहरण मोठे चपखल आहे : स्वतःच्या डोळ्यातले काजळ स्वतःला दिसत नाही.

धूसर फोटो हाती आला की ही यादी पुढे ठेवावी. अति जवळ : प्रत्येक लेन्सला फोकसचे एक किमान अंतर असते, त्याच्या आत ती आंधळीच. इंद्रियदोष : समोरच्या काचेवर बोटाचा डाग, आत बुरशी. आडोसा : डोळ्यावर आलेली केसांची बट, यंत्र तिच्यावरच फोकस करून मोकळे होते. झाकोळ : पाठीमागच्या खिडकीचा उजेड थेट लेन्सवर पडला की चेहरा फिकट आणि धुरकट दिसतो. सारख्यात मिसळणे : जुन्या शास्त्रकारांनी कडधान्याच्या राशीत पडलेल्या एका दाण्याचे उदाहरण दिले. आपल्याकडे पांढऱ्या भिंतीपुढे पांढरा सदरा. फोकस पकडायला यंत्राला फरकच सापडत नाही.

राहिले मनाचे अस्थैर्य. व्यक्तिचित्रातली सर्वांत जास्त धूसरता इथून येते. कॅमेऱ्याला मन नाही, पण फोटो काढणाऱ्याचे शरीर आहे आणि समोरच्याचेही आहे. फोकस केल्यावर तुम्ही नकळत दोन सेंटीमीटर पुढे झुकलात, की डोळा पट्ट्याबाहेर जातो. मधल्या बिंदूने डोळ्यावर फोकस करून मग कॅमेरा वळवण्याची सवय पुष्कळांना असते. दीड मीटरवर कॅमेरा १० अंश वळवला, तर स्पष्टतेची पातळी डोळ्याच्या सव्वादोन सेंटीमीटर मागे पडते. साडेतीन सेंटीमीटरच्या पट्ट्यात ही चूक मावत नाही, कारण डोळ्याच्या मागच्या बाजूला त्याचा निम्माच हिस्सा असतो.

उपाय काय? फोकसचा बिंदूच जवळच्या डोळ्यावर न्यावा, किंवा कॅमेऱ्यात डोळा ओळखण्याची सोय असेल तर ती वापरावी. छिद्र एफ ४ ते ५.६ ठेवावे. शटरचा वेग १/२०० सेकंदाच्या खाली आणू नये. कॅमेऱ्यातील स्थिरीकरण तुमच्या हाताचा कंप शोषते, पण समोरच्या माणसाची हालचाल थांबवू शकत नाही. पाठ टेकता येईल अशा खुर्चीवर माणसाला बसवावे, म्हणजे त्याचे पुढे-मागे होणे कमी होते. लेन्सवर फोकसची मर्यादा ठरवणारे बटण असेल, तर चेहऱ्यासाठी ते अर्धा मीटर ते अनंत या टप्प्यावर ठेवावे; मॅक्रो लेन्स उगाच पूर्ण पल्ल्यात मागेपुढे धावत राहत नाही. एकाच क्षणाचे तीन-चार फोटो घ्यावेत.

मग घ्यावी की नाही?

स्वतःला एकच प्रश्न विचारावा : मला वस्तूच्या किती जवळ जायचे आहे? जळगावच्या सराफाचे दागिने टिपायचे असतील, केळीच्या पानावर करप्याचे पहिले ठिपके दाखवायचे असतील, जुनी कागदपत्रे उतरवायची असतील, तर मॅक्रोला पर्याय नाही. ९० ते १०५ मिलिमीटरची घ्यावी. एकास एकलाही लेन्सचे तोंड आणि वस्तू यांत वीतभर नाही तरी चांगले १३-१५ सेंटीमीटर अंतर राहते, त्यामुळे प्रकाश अडत नाही. तीच लेन्स दीड-दोन मीटरवरून चेहराही छान टिपते. लहान सेन्सरचा कॅमेरा असेल, तर हेच काम ६० मिलिमीटरची करते. पण फक्त माणसेच टिपायची असतील, तर एफ १.८ ची ८५ मिलिमीटरची साधी लेन्स जास्त प्रकाश घेते, आणि सहसा स्वस्तही पडते. बजेट त्याहून कमी असेल तर ५० मिलिमीटरची.

वापरलेली लेन्स घेताना मागून मोबाईलचा उजेड टाकून पुढून पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. छिद्राच्या पात्यांवर तेल आले आहे का, तेही पाहावे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बंद गाडीत लेन्स ठेवणे म्हणजे त्या तेलाला आमंत्रणच. आणि घेण्यापूर्वी एक दिवस भाड्याने आणून आपल्याच घरातल्या माणसावर वापरून पाहावी.

घरातल्या माणसावर, हे आम्ही मुद्दाम म्हणतो. आपल्याकडे आजी-आजोबांचा फोटो शोधायची वेळ ते गेल्यावर येते. मग लग्नाच्या एखाद्या सामूहिक फोटोतला तिसऱ्या रांगेतला, टिकलीएवढा चेहरा मोठा करून चौकटीत बसवतात आणि त्याला हार घालतात. डोळे दिसतच नाहीत. जी स्पष्टता मुळात टिपलीच नाही, ती नंतर कोणतीही लेन्स आणू शकत नाही. दाराशी, बाजूने येणाऱ्या मऊ उजेडात त्यांना खुर्चीवर बसवा. मॅक्रोची धार त्वचेवरची प्रत्येक रेघ दाखवते. कडक प्रकाश टाकला तर त्या रेघा ओरबाडल्यासारख्या दिसतात, बाजूच्या मऊ उजेडात त्या आयुष्यासारख्या दिसतात. जवळचा डोळा नेमका आला की बाकी चेहरा थोडा मऊ राहिला तरी पाहणाऱ्याला तो पूर्ण वाटतो.

श्रोत्यांचे प्रश्न

मोबाईलचा पोर्ट्रेट मोड पुरेसा नाही का?

रोजच्या आठवणींसाठी पुरेसा आहे. पण तिथली मागची धूसरता पुष्कळदा गणिताने केलेली असते. चष्म्याची काडी, मोकळे केस, कानातले लोंबते, अशा ठिकाणी ते गणित फसते. मोठी प्रत काढायची असेल तर हा मोड बंद ठेवून एक साधा फोटो चांगल्या उजेडात जरूर घ्यावा.

हाताने फोकस करायची जुनी मॅक्रो चालेल का?

दागिने, पाने, कागद यांसाठी बेलाशक. तिथे वस्तू थांबते. चेहऱ्यासाठी मात्र पडद्यावर डोळा मोठा करून पाहण्याची सोय असलेला कॅमेरा हवा, आणि समोरचा माणूस तुमच्याइतकाच धीराचा हवा. तसा धीराचा माणूस घरात बहुधा सर्वांत वयस्क असतो. त्याच्यापासूनच सुरुवात करा.

इथे थांबतो.