तळं उतरलं की

येळवसेला आमच्या भागात गावं ओस पडतात. मार्गशीर्षातली ही अमावस्या लातूरकडे वेळा अमावस्या, बिदर-कलबुर्गीकडे एळ्ळ अमावस्या. शेतात कडब्याची कोप उभी राहते, पांडव पुजले जातात, भज्जी, उंडे आणि बिंदग्यातली आंबील असं जेवण होतं. मग अंगावर सुस्ती येते. अशा वेळी मोठी माणसं कोपीच्या सावलीला लवंडतात आणि पोरं तळ्याकडे पळतात. पक्षी बघायला घराबाहेर पडायचं असतं हे मला फार उशिरा कळलं. आम्ही तर जेवण जिरवायला जायचो.

मुहूर्त मात्र अचूक होता. डिसेंबर-जानेवारीत तळं काठापासून उतरू लागलेलं असतं आणि उत्तरेकडचे पाहुणे येऊन पोचलेले असतात. भरून सांडव्यावरून वाहणारं तळं गावाला हवं असतं, पण पक्ष्यांच्या ते फारसं कामाचं नसतं. शेकाट्याचे पाय कितीही लांब असले तरी तो उथळातच चरणार. शेपूट वर करून डोकं पाण्यात घालणाऱ्या बदकाची मान तळाशी पोचायची, तर पाणी हातभरच हवं. काठाचा चिखल उघडा पडला, की तुतारी आणि धोबी येतात. म्हणून ऑगस्टात काठोकाठ भरलेलं तळं बघून परतलेल्यांनी ‘काही नाही तिथं’ असं सांगितलं, तर माझा विश्वास बसतो. ते चुकीच्या महिन्यात गेलेले असतात.

या भागातली बहुतेक तळी माणसानं बांधलेली आहेत. ओढ्याला आडवी मातीची पाळ, एका टोकाला सांडवा आणि पाणी सोडायला तूम, एवढाच त्यांचा कारभार. कन्नड माणूस त्याला केरे म्हणतो, आम्ही तळं म्हणतो, दख्खनीत तालाब आणि तेलंगणाच्या कडेला लहानशा तळ्याला कुंटा. १९५६ साली हैदराबाद राज्य मोडलं. तेव्हा उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बिदर जिल्ह्यातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात गेले. कर्नाटकाकडे राहिलेल्या भालकी, औराद, बसवकल्याणात मात्र मराठी आजही घरात आणि बाजारात ऐकू येते. उदगीरहून कमलनगर, भालकी करत बिदरला निघालं तर पाट्यांची लिपी बदलते. शेतं तीच राहतात आणि तळ्याची पाळही तशीच असते.

बिदर शहर मात्र वेगळ्याच पाण्यावर उभं आहे. हे पठार वरून जांभ्या दगडाचं आणि खाली काळ्या पाषाणाचं. जांभा सच्छिद्र असल्यानं पावसाचं पाणी पिऊन टाकतो. खालची चिकणमाती आणि काळा दगड ते पाणी आत जाऊ देत नाहीत. मग ते आडवं सरकत पठाराच्या कडेला झऱ्यांच्या रूपानं बाहेर येतं. नानक झिरा त्यातूनच आला, नृसिंह झरणीही त्यातूनच. झरणीच्या गुहेत देवदर्शनाला कमरेइतक्या पाण्यातून चालत जावं लागतं. डोक्यावर वटवाघळं लटकलेली असतात, त्यामुळे भाविक वर न बघताच नामस्मरण करतो. १५व्या शतकाच्या पूर्वार्धात बहमनींनी राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला आणली आणि हेच भूगर्भातलं पाणी इराणी पद्धतीनं वाहून नेलं. नौबादचा कारेज म्हणजे जमिनीखालचा सुमारे ३ किलोमीटरचा बोगदा. ठरावीक अंतरावर वरून खाली उतरणाऱ्या उभ्या विहिरी आहेत. लोक त्याला सुरंगबावडी म्हणतात.

बिदरच्याच पापनाशला देवळाच्या कुंडात झऱ्याचं पाणी येतं. लंकेहून परतताना रामानं इथं लिंग स्थापलं असं सांगतात. सकाळी लवकर गेलात तर तळ्यावर वारकरी दिसतील. पंढरपूरचे नव्हेत. हा काळा पाणपक्षी, कपाळावर पांढरंशुभ्र गंध. हे नाव ज्यानं ठेवलं त्याला माझा दंडवत. चोचीच्या टोकाला पिवळा आणि बुडाशी तांबडा ठिपका असलेलं हळदी-कुंकू बदकही असंच घरगुती नावाचं. ते बारमाही इथलंच. चक्रवाक आणि पट्टकादंब मात्र हिमालय ओलांडून येतात. पट्टकादंब ७,००० मीटरहून अधिक उंचीवरून उडाल्याची नोंद आहे. एवढा प्रवास करून आलेला हा पक्षी आपल्या हरभऱ्याच्या रानात चरतो, त्यामुळे शेतकरी त्याच्याकडे कौतुकानं बघतोच असं नाही.

बसवकल्याणच्या त्रिपुरांत तळ्यावर पोचलं, की मला सोमेश्वर तिसरा आठवतो. १२व्या शतकात या कल्याणीत चालुक्यांचं राज्य करताना त्यानं ‘मानसोल्लास’ रचला. महाराष्ट्रात बायका कांडताना ओव्या गातात, हा त्यातला उल्लेख मराठीचे अभ्यासक आवर्जून सांगतात. माशांच्या जाती, त्यांचं खाद्य आणि गळ टाकण्याची रीत यांवरही राजानं तितक्याच आवडीनं लिहिलं आहे, ते फारसं कुणी सांगत नाही. पाण्याच्या काठी बसून वेळ घालवायला त्याच्या लेखी राजालाही हरकत नव्हती.

कलबुर्गीकडे सरकलं की जमीन बदलते. महाराष्ट्रातल्या हजारो घरांत पायाखाली असलेली शहाबादी फरशी इथलीच. फरशी काढून झालेल्या खाणींत पावसाचं पाणी साठतं आणि खोल, हिरवट डोह तयार होतात. दिसायला देखणे, पण कडा सरळ तुटलेल्या. तिथं बगळा उभा कुठं राहणार? खंड्या तेवढा तारेवर बसून असतो. पूर्वेला चिंचोळीचं अभयारण्य आहे, २०११ साली जाहीर झालेलं, सुमारे १३५ चौरस किलोमीटरचं. आत चंद्रमपळ्ळीचं धरण, भोवती सागवान आणि लंबाणी तांडे. लांडगा, तरस, कोल्हा इथं आहेत, पण ते दिसण्याची हमी कुणी देऊ नये. चिखलात उमटलेले त्यांच्या पंजांचे ठसे मात्र पाण्याकाठी सापडतात, आणि मला त्यात तितकीच मजा येते.

अलीकडे तळ्यांच्या सुशोभीकरणाची लाट आहे. काठाला दगडी पिचिंग, फिरायला फरसबंद वाट, दिवे, नाव. हेतू वाईट नसतो. पण काठ उभा झाला, की पाणी उतरलं तरी चिखल उघडा पडत नाही, आणि वर सांगितलेली बरीच मंडळी चिखलातच जेवतात. पाणकणसात लपणारी पाणकोंबडी, कमळाच्या पानावर घरटं करणारा कमळपक्षी यांना एखादा कोपरा तरी तसाच ठेवावा. बेशरमाची झुडपं खुशाल काढा, त्याबद्दल तक्रार नाही.

जुन्या रीतीत हा काठ रिकामा नसायचाच. पाणी मागे हटेल तशी ओल्या गाळात गाळपेर व्हायची, हरभरा, काकडी, टरबूज. नांगराच्या मागे गायबगळे असायचे. बाहेरून आलेल्यानं पिकातून न चालता पाळीवरून चालावं, पाठीवर सूर्य ठेवावा आणि टिटवी ओरडू लागली तर तिथंच थांबावं. उन्हाळ्याच्या तोंडाला तिनं उघड्या मातीवर अंडी घातलेली असतात. ती खड्यांसारखी दिसतात, पाऊल पडेपर्यंत कळत नाहीत.

चैत्र संपता संपता तळ्याच्या मध्यभागी थाळीएवढं पाणी उरतं आणि वर्षभराचे मासे त्यात गोळा होतात. भोई जाळं घेऊन उतरतात. पलीकडच्या काठाला रंगीत करकोचे अर्धवट उघड्या चोची पाण्यात बुडवून सावकाश पुढं सरकत असतात. जाळं त्यांच्याजवळ आलं तर ते दोन पावलं बाजूला होतात, उडत नाहीत.