डिझेलची ओळख – भाग ११ : एका सेन्सरच्या भरवशावर

गेल्या आठवड्यात आपण इंजेक्टर पाहिला. इंधन नेमकं कोणत्या क्षणी फवारायचं हे त्याला कोण सांगतं, हा प्रश्न मात्र तिथेच राहिला. त्याचं उत्तर या आठवड्यात एका दुरुस्तीतून शोधू. ट्रकचा मालक ही दुरुस्ती घरासमोर, साध्या पान्यांनी करू शकतो आणि अमेरिकेत कितीतरी मालकांनी ती केलेली आहे.

इंजिन आहे ७.३ लिटरचं व्ही-८. फोर्डने ते १९९४ ते २००३ या काळात 'पॉवर स्ट्रोक' या नावाने आपल्या मोठ्या पिकअपमध्ये आणि व्हॅनमध्ये बसवलं. ते बनवायची नॅविस्टार. तेच इंजिन टी-४४४ई या नावाने तिच्या इंटरनॅशनल ट्रकमध्ये आणि शाळेच्या बसमध्येही होतं. ही तीच नॅविस्टार, जिने २००५ मध्ये महिंद्राबरोबर भागीदारी केली आणि मग चाकणला ट्रक बनू लागले. पुढे ती भागीदारी संपली.

जुन्या डिझेल इंजिनात इंधनाचा पंप गिअरने इंजिनाशी बांधलेला असायचा. पंप फिरला की ठरलेल्या क्षणी इंधन जायचं, त्यात विजेचा संबंध जवळजवळ नसायचा. पॉवर स्ट्रोकमध्ये हे बदललं. इथे इंजेक्टरला जोर मिळतो तो इंजिन ऑइलचा. एक पंप ऑइलचा दाब वाढवतो आणि त्या दाबावर इंजेक्टर डिझेल दाबून फवारतो. कधी फवारायचं हे कॉम्प्युटर ठरवतो. त्यासाठी इंजिन या क्षणी फेऱ्याच्या कोणत्या टप्प्यावर आहे हे त्याला कळावं लागतं आणि ते सांगणारा एकच सेन्सर या इंजिनात आहे : कॅम पोझिशन सेन्सर. बहुतेक नव्या इंजिनांत क्रँकचा एक आणि कॅमचा एक असे दोन सेन्सर असतात. एक गेला तर दुसऱ्याच्या आधारावर काही इंजिनं अडखळत का होईना, चालत राहतात. इथे ती सोय नाही. सेन्सर गप्प झाला की कॉम्प्युटर इंजेक्टरना आदेश देणं थांबवतो आणि सात-आठ टनांची जोडगाडी ओढणारं इंजिन चालत्या रस्त्यावर एका क्षणात बंद पडतं. स्टिअरिंग जड होतं, ब्रेकची मदत मोजक्या दाबांपुरती उरते. म्हणूनच २००७ मध्ये फोर्डला १९९७ ते २००३ च्या सुमारे १२ लाख गाड्या या एका सेन्सरसाठी परत बोलावाव्या लागल्या.

हा सेन्सर काम कसं करतो, तर १८७९ मध्ये सापडलेल्या एका गोष्टीवर. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एडविन हॉल हा विद्यार्थी सोन्याच्या पातळ पत्र्यातून वीज सोडत होता. पत्र्याला आडवं चुंबकीय क्षेत्र लावलं की पत्र्याच्या दोन कडांमध्ये किंचित विद्युतदाब तयार होतो, असं त्याला आढळलं. हाच हॉल परिणाम. आपल्या सेन्सरच्या पोटात चुंबक आणि हाच परिणाम टिपणारी एक छोटी चकती असते. समोरून कॅमच्या गिअरबरोबर फिरणारं लोखंडी चक्र जातं. त्याला ठरावीक अंतरावर खिडक्या पाडलेल्या असतात. लोखंड समोर आलं की चुंबकीय क्षेत्र बदलतं, खिडकी आली की पुन्हा बदलतं, आणि सेन्सर चालू-बंद, चालू-बंद असा स्वच्छ संकेत पाठवत राहतो. चक्रावर एक जागा मुद्दाम वेगळ्या मापाची ठेवलेली असते. तिच्यावरून कॉम्प्युटर कोणता सिलिंडर कुठे आहे ते ओळखतो आणि मग प्रत्येक इंजेक्टरची वेळ धरतो. मला या रचनेचं फार कौतुक वाटतं. आत काहीही घासत नाही, झिजत नाही.

झिजत नसेल तर बिघडतं कसं? उष्णतेने. सेन्सर इंजिनाच्या पुढच्या कव्हरवर, क्रँकच्या पुलीजवळ असतो. इंजिन तापतं, थंड होतं, पुन्हा तापतं आणि वर्षानुवर्षांच्या या प्रसरण-आकुंचनात आतला एखादा नाजूक जोड सुटतो. सुरुवातीला तो फक्त तापल्यावर सुटतो. त्यामुळे लक्षण ठरलेलं : गाडी तासभर छान चालते, मग अचानक बंद पडते. अर्धा तास थांबलं, बॉनेट उघडून वारा लागू दिला की पुन्हा सुरू होते. फिटरकडे नेईपर्यंत सगळं ठीक असतं आणि तो म्हणतो, 'गाडीत काही दोष नाही.' हा त्रास ज्याने भोगला आहे, त्याला हे वाक्य किती जिव्हारी लागतं ते ठाऊक आहे.

इथेच लोक चुकतात, म्हणून मी या टप्प्यावर जास्त वेळ घेणार आहे. स्कॅनर लावला की पी-०३४० असा कोड येतो आणि लोक लगेच सेन्सर मागवतात. कोडचा अर्थ नीट वाचा. तो म्हणतो, 'कॅम पोझिशन सेन्सरच्या सर्किटमध्ये दोष'. सर्किट म्हणजे सेन्सर, त्याचा कनेक्टर, तीन तारा आणि थेट कॉम्प्युटरपर्यंतचा सगळा मार्ग. पुली आणि पट्ट्याच्या शेजारून जाणारी तार घासून उघडी पडली असेल, कनेक्टरमध्ये ऑइल शिरलं असेल, पिन हिरवी पडली असेल, तरी कोड हाच येतो. नवा सेन्सर बसवूनही गाडी तशीच राहते आणि दोष नव्या सेन्सरला दिला जातो.

पारख करायला सोपी खूण आहे. या गाडीत आरपीएमचा काटा कॅम सेन्सरच्या संकेतावरच चालतो. स्टार्टर फिरवताना मदतनीसाला काट्याकडे बघायला सांगा. इंजिन फिरतंय आणि काटा शून्यावर चिकटून आहे, तर संकेत येत नाही. काटा थोडा उचलतोय आणि तरी गाडी सुरू होत नाही, तर बहुधा दोष दुसरीकडे आहे. अशा वेळी आधी ऑइलची पातळी बघा. या इंजिनात इंजेक्टर ऑइलवर चालतो, त्यामुळे ऑइल कमी असेल तरी गाडी सुरू होत नाही. संकेतच नसेल तर कनेक्टर काढून मीटरने वीज पोचतेय का, अर्थिंग नीट आहे का हे तपासा. दोन्ही ठीक आणि तारा धड असतील, तरच सेन्सर बदला.

बदलणं हा त्यानंतरचा छोटा भाग. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. किल्ली काढून खिशात ठेवा. या गाडीला दोन बॅटऱ्या असतात, दोन्हींची निगेटिव्ह तार सोडवा. पिकअप जमिनीपासून उंच असते, त्यामुळे जॅक न लावता खालून हात पोचतो. व्हॅनमध्ये मात्र जागा अडचणीची आहे. कनेक्टरची खिट्टी दाबून तो सरळ ओढा, तारेला धरून ओढू नका. सेन्सर एका बोल्टने धरलेला असतो, त्याला १० नंबरची गोटी लागते. बोल्ट काढल्यावर सेन्सर हाताने डावी-उजवीकडे फिरवत बाहेर घ्या. जुनी ओ-रिंग भोकात अडकून राहिली नाही ना, हे टॉर्च लावून बघा, नाहीतर नव्या सेन्सरच्या कडेने ऑइल गळत राहील. नव्या ओ-रिंगला बोटाने इंजिन ऑइल लावा, सेन्सर हाताने पूर्ण बसवा आणि मगच बोल्ट आवळा. बोल्टने सेन्सर आत ओढून घेऊ नका, बोल्टला जोरही फार देऊ नका. तार पुलीपासून दूर बांधा. या इंजिनाला नवा सेन्सर स्कॅनरने शिकवावा लागत नाही.

सेन्सर घेताना स्वस्तावर जाऊ नका. हा भाग फसला तर गाडी दारात नाही, रस्त्यात थांबते. इंजिन नॅविस्टारचं असल्यामुळे इंटरनॅशनलच्या दुकानातही हाच भाग मिळत आला आहे. एक जादा सेन्सर आणि १० नंबरचा पाना डॅशच्या कप्प्यात ठेवायची या गाडीवाल्यांची पद्धत मला अगदी योग्य वाटते.

पण हे वाचून कोणताही सेन्सर घरी खोलायला घेऊ नका. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत आणि त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांतही कॉमन रेल आहे. त्या नळीत डिझेलचा दाब १,६०० बार किंवा त्याहूनही जास्त असतो. रेल प्रेशर सेन्सर थेट त्या नळीवर बसतो. दाब उतरलेला नसताना तो सैल केला, तर बारीक धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण आतलं मांस मरू लागतं आणि तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. असं कुणाला झालं तर दुखायची वाट न बघता रुग्णालयात न्या आणि डॉक्टरांना 'दाबाने डिझेल आत गेलंय' हे स्पष्ट सांगा. पॉवर स्ट्रोकमध्येही इंजेक्टरच्या तारांना सुमारे ११० व्होल्ट जातात, तेव्हा इंजिन चालू असताना त्यांना हात लावू नका.

आणि काढलेला जुना सेन्सर 'थंड असताना तर चालतो' म्हणून जादा भाग म्हणून गाडीत ठेवू नका. त्याची तार कापा आणि तो भंगारात टाका. पुढच्या आठवड्यात टर्बोचार्जर.