ब्लॉगसाठी प्लॅटफॉर्म निवडताना : गैरसमज आणि वस्तुस्थिती

ठाणे जिल्ह्यातील मीरा रोड स्थानकाच्या पूर्वेला वसलेल्या नया नगरसारख्या दाट वस्तीत शिवणकाम, बेकरी, केटरिंग, खासगी शिकवण्या अशा छोट्या व्यवसायांना गिऱ्हाईक बहुधा ओळखीतून आणि व्हॉट्सॲपवरून मिळते. परंतु भाईंदर किंवा दहिसरच्या अनोळखी ग्राहकापर्यंत पोहोचायचे असेल, तर व्यवसायाची माहिती शोधयंत्राला सापडेल अशा ठिकाणी लिहून ठेवावी लागते. ब्लॉग, म्हणजे ज्यावर तारखेच्या क्रमाने लेख प्रसिद्ध होत जातात असे संकेतस्थळ, हे त्याचे स्वस्त साधन आहे, आणि हा ब्लॉग ज्या प्रणालीवर लिहिला व साठवला जातो तिला प्लॅटफॉर्म म्हणतात. तो निवडताना किंमत आणि देखावा यांची चौकशी आधी होते. पत्ता कोणाच्या नावावर राहील आणि पुढे मजकूर दुसरीकडे नेता येईल का, हे अधिक महत्त्वाचे प्रश्न मागे पडतात आणि गैरसमजांना वाव मिळतो.

गैरसमज : सोशल मीडियावर पान असले की ब्लॉगची गरज उरत नाही.

वस्तुस्थिती : सोशल मीडियावरील मजकूर काही दिवसांत खाली सरकतो, आणि ज्याने लॉगइन केलेले नाही त्याला तो अनेकदा पूर्ण दिसतही नाही. त्याहून मोठा धोका सेवा बंद पडण्याचा असतो. ऑर्कुट सप्टेंबर 2014 मध्ये बंद झाले. टिकटॉकवर भारत सरकारने जून 2020 मध्ये बंदी घातली. आणि गुगलने छोट्या व्यावसायिकांना त्यांच्या नोंदीसोबत दिलेली मोफत संकेतस्थळे मार्च 2024 मध्ये बंद केली. त्यामुळे ग्राहकाला बोलावण्यासाठी सोशल मीडिया वापरावा, परंतु दरपत्रक, कामाचे नमुने आणि नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे स्वतःच्या पत्त्यावर ठेवावीत, हे हिताचे ठरते.

गैरसमज : वर्डप्रेस पूर्णपणे मोफत आहे.

वस्तुस्थिती : या एकाच नावाने दोन वेगळ्या गोष्टी ओळखल्या जातात. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी 2003 साली सुरू केलेले वर्डप्रेस हे मुक्त सॉफ्टवेअर आहे, म्हणजे ते कोणालाही विनाशुल्क वापरता व बदलता येते; मात्र ते चालवण्यासाठी होस्टिंग, म्हणजे इंटरनेटला सतत जोडलेल्या संगणकावरील जागा, भाड्याने घ्यावी लागते आणि अद्ययावतीकरण, सुरक्षितता व बॅकअप यांची जबाबदारी मालकावर येते. वर्डप्रेस डॉट कॉम ही ऑटोमॅटिक या कंपनीची तयार सेवा असून तिथे ही देखभाल कंपनी करते, परंतु मोफत योजनेत कंपनीच्या जाहिराती दिसतात आणि स्वतःचा पत्ता जोडण्यासाठी सशुल्क योजना घ्यावी लागते. होस्टिंगचा पहिल्या वर्षाचा दर अनेकदा सवलतीचा असतो, म्हणून नूतनीकरणाचा दर आधीच विचारून घ्यावा.

गैरसमज : ब्लॉगर जुना आणि फुकट असल्यामुळे व्यवसायाला शोभत नाही.

वस्तुस्थिती : पायरा लॅब्सने 1999 साली सुरू केलेली ही सेवा 2003 पासून गुगलकडे आहे, आणि तिला स्वतःचे डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा नोंदणीकृत पत्ता, जोडण्यासाठी गुगल वेगळे शुल्क घेत नाही, खर्च येतो तो केवळ डोमेनच्या वार्षिक शुल्काचा. मांडणीचे पर्याय मोजके असल्यामुळे आणि ऑनलाइन विक्रीची अंगभूत सोय नसल्यामुळे मोठ्या दुकानाला ती अपुरी पडते. शिकवण्यांचे वेळापत्रक किंवा शिवणकामाचे नमुने दाखवण्यास मात्र ती पुरेशी आहे. सेवा गुगलची असली, तरी केवळ त्या कारणाने शोधात वरचे स्थान मिळत नाही.

गैरसमज : भाषेचा आणि प्लॅटफॉर्मच्या निवडीचा संबंध नाही.

वस्तुस्थिती : नया नगरात उर्दू, हिंदी आणि मराठी वाचणारा ग्राहक शेजारी शेजारी राहतो, त्यामुळे इथे हा संबंध थेट आहे. मराठी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच सांकेतिक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, लिहिलेला असावा; छपाईच्या जुन्या फाँटमधून जसाच्या तसा उचललेला मजकूर शोधयंत्राला अर्थहीन वाटतो, आणि केवळ चित्र म्हणून चढवलेल्या मेनूकार्डातील शब्दही शोधात सापडतीलच असे नाही. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहिली जात असल्याने निवडलेली मांडणी त्या दिशेला नीट वळते का, हे आधी तपासावे. वर्डप्रेसमध्ये ही सोय आहे. देवनागरीतील डॉट भारत हे डोमेन 2014 पासून मराठीसाठीही उपलब्ध आहे, परंतु सर्वच अर्ज आणि ईमेल प्रणाली ते स्वीकारत नसल्यामुळे सोबत रोमन पत्ताही ठेवावा.

गैरसमज : डोमेन वेबसाइट बनवून देणाऱ्याच्या नावावर असले तरी चालते.

वस्तुस्थिती : ज्याच्या नावाने आणि ईमेलने नोंदणी झाली, पत्त्यावर ताबा त्याचाच राहतो, त्याच्याशी व्यवहार तुटला किंवा नूतनीकरण राहून गेले, तर वर्षानुवर्षे छापलेली व्हिजिटिंग कार्डे निरुपयोगी ठरतात. याउलट डोमेन मालकाच्या नावावर असेल, तर प्लॅटफॉर्म बदलूनही पत्ता तोच ठेवता येतो. ब्लॉगर आणि वर्डप्रेस या दोन्हींतून लेख फाइलच्या रूपात बाहेर काढता येतात. छायाचित्रांच्या मूळ प्रती मात्र वेगळ्या जपाव्यात आणि लेखांचे जुने दुवे नव्या जागी वळवून घ्यावेत.

या सर्वांचा विचार करता, लेखनाची सवय नसलेल्या नवख्याने ब्लॉगरवर स्वतःच्या डोमेनसह सुरुवात करणे आणि ऑनलाइन विक्री किंवा बहुभाषिक मांडणी हवी असलेल्या व्यवसायाने देखभालीचा खर्च धरून वर्डप्रेस निवडणे व्यवहार्य ठरते. यातील कोणताही पर्याय कायमचा मानण्याचे कारण नाही. डोमेन स्वतःच्या नावावर आणि मजकुराची प्रत स्वतःजवळ असेल, तर पहिली निवड चुकली तरी ती थोडक्या खर्चात सुधारता येते.