गिटारचे पडदे सरळ का असतात?

बारावा फ्रेट, म्हणजे पडदा, ३२५ मिलिमीटरवर यायला हवा होता. माझी स्टीलची पट्टी ३१५ दाखवत होती. तीन ए-फोर कागद चिकटवून गिटारच्या फिंगरबोर्डचा नकाशा केला होता. आकडे सॉफ्टवेअरने काढलेले, म्हणजे गणितात खोट नसणार. खोट छपाईत निघाली. ‘कागदात बसवा’ ही खूण काढायची मी विसरलो आणि प्रिंटरने सगळं चित्र गुपचूप ९७ टक्क्यांवर आणून ठेवलं. गंमत अशी की तो नकाशाही बिनचूकच होता, पण ६३०.५ मिलिमीटर तारेच्या गिटारसाठी. माझी तार ६५०ची.

कारण इथे सगळा खेळ प्रमाणाचा आहे. सप्तकाचे बारा सारखे भाग करायचे तर दर फ्रेटला तारेची उरलेली लांबी १.०५९४६ने भागायची, म्हणजेच उरलेल्या तारेचा सुमारे १७.८१७वा हिस्सा कमी करायचा. पहिला फ्रेट ३६.४८ मिलिमीटरवर, पुढचं अंतर ३४.४३, आणि तेराव्या घरापर्यंत पोचेस्तोवर ते पहिल्याच्या बरोबर अर्धं, १८.२४.

गॅलिलिओचे वडील व्हिन्चेन्झो गॅलिली स्वतः ल्यूट वाजवत. त्यांनी १५८१च्या ग्रंथात यासाठी १८:१७ हे सुटसुटीत गुणोत्तर दिलं. कारागिरांनी पुढे अठराव्या हिश्शाचा हा नियम कित्येक पिढ्या वापरला. त्याने बारावा फ्रेट मध्यापासून जवळपास अडीच मिलिमीटर अलीकडे पडतो. पण बोटाने दाबलेली तार थोडी ताणली जाऊन स्वर चढतोच, त्यामुळे ही चूक बरीचशी पोटात घातली जाई! आजचं सॉफ्टवेअर फ्रेट काटेकोर मांडतं आणि त्या चढाची भरपाई घोडीशी, तार किंचित लांबवून केली जाते.

सॉफ्टवेअरचा साधा पण मोठा उपयोग म्हणजे ते प्रत्येक अंतर नटपासून, म्हणजे डोक्याकडच्या पट्टीपासून देतं. एका फ्रेटवरून पुढचा मोजत गेलं की पाव मिलिमीटरची चूक साचत जाते. शिवाय चूक सगळीकडे सारखी भोवत नाही. अर्धस्वराचे शंभर भाग केले तर एक मिलिमीटरची चूक पहिल्या फ्रेटवर तीन भागांहूनही कमी, एकोणिसाव्यावर मात्र आठ.

खरी मजा पुढे. ‘फ्रेटफाइंड टू-डी’सारख्या प्रोग्रामला जाड तारेची लांबी ६८६ आणि बारीक तारेची ६४८ सांगितली की फ्रेट पंख्याच्या काड्यांसारखे पसरतात. जाड तारेला ताण हवा, बारीक तार तुटू नये, दोन्ही साधतं. अमेरिकेत राल्फ नोवाक यांनी १९८९मध्ये अशा रचनेचं पेटंट घेतलं. कुठला फ्रेट सरळ ठेवायचा, सातवा की बारावा, ते एक आकडा बदलून बघता येतं. लाकडावर हेच करायचं तर दर वेळी नवी फळी लागली असती.

मग मी समान भागांऐवजी नैसर्गिक स्वरांची मांडणी दिली. स्क्रीनवरच्या सरळ रेषा फुटल्या! प्रत्येक तारेखाली फ्रेटचा तुकडा वेगळ्याच जागी. कारण सरळ आहे: नैसर्गिक शुद्ध गांधार षड्जापासून ३८६ भागांवर असतो, गिटारचा ४००वर. तारा वेगवेगळ्या स्वरांपासून सुरू होतात, त्यामुळे खरे स्वर एका रेषेत येतच नाहीत. फ्रेट सरळ राहतात ते सगळ्याच तारांनी थोडं थोडं बेसूर व्हायचं कबूल केल्यामुळे. सतारीला ही अडचण नाही. तिथे राग मुख्यतः एका बाजाच्या तारेवर चालतो, आणि दोऱ्याने बांधलेला पडदा वादक रागानुसार खालीवर सरकवतो. ठोकून बसवलेल्या फ्रेटला ती सोय कुठली? स्वीडनमधल्या ‘ट्रू टेम्परामेंट’ने नागमोडी फ्रेट काढले. ते बघताना चष्म्याचा नंबर वाढल्यासारखं वाटतं. पण हेतू प्रामाणिक आहे.

माझ्या फळीवर अखेर सरळच रेषा आल्या. या वेळी शंभर टक्क्यांवर छापलं, पट्टी लावली, ३२५. नकाशा फळीला चिकटवला, करवत हातात घेतली आणि लक्षात आलं की सॉफ्टवेअरच्या रेषेला जाडी नाही, करवतीच्या पात्याला आहे, ०.६ मिलिमीटर. रेषा पात्याच्या नेमक्या मध्याखाली यायला हवी. पहिली खाच पाडायला वीस मिनिटं लागली.